खोगिराची निगा



'खोगीरभरती' हा शब्द आपण सर्वच जण वापरतो. सभेला कामाची माणसे चार आणि जागा अडवून बसलेली चाळीस असली, किंवा विद्यार्थ्याच्या निबंधात मुद्दा एक आणि पाने दहा असली, म्हणजे आपण सहज म्हणून जातो की ही सारी खोगीरभरती आहे. परंतु ज्या वस्तूवरून हा शब्द भाषेत आला, ती वस्तू आज आपल्यापैकी किती जणांनी हाताळली असेल? खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर, स्वाराच्या खाली घालावयाची जाड गादी. तिच्यात लोकर, चिंध्या, जुने कापड असे जे हाताशी असेल ते भरीत, आणि म्हणून कसल्याही भरताडाला खोगीरभरती हे नाव पडले.

शब्दाने मात्र येथे वस्तूवर थोडा अन्याय केला आहे. खोगीर हा शब्द मूळचा फारसी. त्या भाषेत 'खू' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम टिपून घेणारे ते खोगीर. घोड्याच्या पाठीचा कणा आणि स्वाराचे वजन यांच्यामध्ये जे काही असते ते एवढेच. ही भरती सारखी, मऊ आणि कोरडी असेल तर घोडा दिवसाला दहा-बारा कोस चालतो. तिच्यात गोळे झाले, ती ओली राहिली किंवा घामाच्या मिठाने कडक झाली, तर दोन मुक्कामांत घोड्याच्या पाठीला जखम होते आणि मग तो घोडा महिनाभर कामाचा राहत नाही. लढाईत मेलेल्या घोड्यांची मोजदाद इतिहासकार करतात. पाठी सोलपटून निकामी झालेल्या घोड्यांची मोजदाद क्वचितच कोणी करतो. आज मला या खोगिराविषयी, लगाम-रिकिबीविषयी आणि मुख्यतः हा सारा साज आपल्या मुलखात कसा जपला जात असे, याविषयी थोडे सांगावयाचे आहे.

आमच्या आदिलाबादच्या मुलखापासूनच प्रारंभ करतो. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा व प्राणहिता, आणि मध्ये सातमाळ्याच्या रांगा व सागाचे दाट रान, असा हा प्रदेश आहे. १९०५ साली निजामाच्या राज्यात हा जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे मराठी तालुके त्यातून निघून त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आणि २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यापूर्वी कित्येक शतके येथे गोंड राजांची सत्ता होती. चांद्याच्या गोंड राजाजवळ एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे, असे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईने अकबरी'त नमूद केले आहे. हे प्रमाण पाहण्यासारखे आहे. चाळीस पायदळामागे एक स्वार! जंगलात घोडा मिळणे अवघड, पोसणे त्याहून अवघड, आणि म्हणूनच त्याची प्रतिष्ठाही मोठी. केसलागुडा आणि उशेगाव येथील ओझा कारागीर आजही मेणाचे साचे वितळवून पितळेच्या मूर्ती ओततात. या आदिलाबादी डोक्रा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ओतकामात घोडा आहे, स्वार आहे, आणि बारकाईने पाहिले तर घोड्याच्या अंगावरचा साजही आहे.

परंतु या प्रदेशाची हवा घोड्याच्या साजाला अनुकूल नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि कातडे वाळून त्याला भेगा पडतात. आषाढ-श्रावणात रानातील दमट हवा घरात भरून राहते आणि त्याच कातड्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढते. वाळवी तर बारमास आहे. म्हणजे जी वस्तू चैत्रात तडकते तीच श्रावणात कुजते. येथे जो कोणी घोडा बाळगीत असे, त्याला एका वर्षात दोन परस्परविरोधी शत्रूंशी झुंजावे लागे.

हा साज म्हणजे तरी काय काय? पाठीवर खोगीर किंवा लाकडी सांगाड्याचे जीन, ते आवळून धरणारा पोटाखालचा तंग, जीन पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची, ते मागे सरकू नये म्हणून छातीवरून घेतलेला पेशबंद, पाय ठेवावयास लोखंडी रिकीब, तोंडात लगाम, चंदी खाण्यास तोबरा, ठाणावर बांधण्यास अगाडी-पिछाडीचे दोर आणि मेखा, अंग घासण्यास खरारा, वर घालण्यास झूल. यांतील बहुतेक शब्द फारसी-अरबी आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेलच. शिवछत्रपतींनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्या कोशात सैन्याचा एक स्वतंत्र वर्गच आहे. तरीही पागेतले शब्द लोकांच्या जिभेवर जसे होते तसेच राहिले. घोड्याशी रोजचा व्यवहार करणाऱ्या माणसाला शब्द बदलण्यास सवड नसते.

या वस्तूंमागे किती हात होते पाहा. बाभळीची आणि तरवडाची साल व हिरडा यांत कातडे कमावणारे, ते कापून शिवणारे, लोकर पिंजून नमदा करणारे, रिकीब आणि नाल घडविणारे, दोर वळणारे. जीन करणाऱ्यांची तर 'जीनगर' म्हणून वेगळी जातच झाली, आणि तेलुगू मुलखातही जीनिगर याच नावाने ती ओळखली जाते. पुढे घोडदळे गेली, जिनांची मागणी संपली, तेव्हा हे कुशल लोक चित्रकाम, धातुकाम, पुस्तकबांधणी अशा निरनिराळ्या धंद्यांत शिरले. नाव मात्र जिनाचेच राहिले. बखरींत सरदारांची नावे आहेत, कोठे कोठे घोड्यांचीही आहेत. खोगीर शिवणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हजारो घोड्यांचा साज राज्याने जपावा कसा? एका घोड्याचा धनी स्वतः आपल्या वस्तूची काळजी घेतो. सरकारी वस्तूचा धनी कोण?

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा, हत्यार आणि साज सरकारचा तो. शिलेदार म्हणजे जो घोडा आणि सामान स्वतःचे घेऊन चाकरीस येतो तो. शिवाजीमहाराजांनी बारगिरांच्या पागेवर भर दिला आणि शिलेदारांनाही पागेच्या अमलाखाली ठेवले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवाल्यांचा एक जुमला. दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. या शेवटच्या दोन माणसांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पण पाण्याची पखाल आणि नालेची पेटी यांची सोय जी व्यवस्था पंचवीस घोड्यांच्या पातळीवर करते, ती कारभारी बुद्धीची व्यवस्था म्हटली पाहिजे.

याच बखरीत आणखी एक नियम सांगितला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीस यावे. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांना व माणसांना शाकारलेली घरे आधीच तयार असावीत. दसरा होताच लष्कराने बाहेर पडावे, आणि निघताना लहानथोर सर्वांच्या मालमत्तेच्या याद्या कराव्यात. परत येताना त्या याद्या काढून प्रत्येकाचा झाडा घ्यावा. यादीबाहेर निघेल त्याचा हिशेब द्यावा लागे. या नियमाचा मुख्य हेतू लुटीचा माल सरकारात जमा व्हावा हा होता, हे उघड आहे. पण ज्या लष्करात जाताना व येताना प्रत्येकाच्या वस्तू मोजल्या जातात, तेथे तंग कोठे तुटला आणि झूल कोठे हरवली हेही आपोआप उघडकीस येते. आम्हा शिक्षकांना शाळेतील जडवस्तूंची नोंदवही चांगली परिचयाची आहे. वर्षातून एकदा तीत सही होते. नकाशा आहे, पृथ्वीचा गोल आहे, अशी नोंद असते. नकाशाला उंदीर लागला आहे हे नोंदवहीला ठाऊक नसते. सभासदाने वर्णन केलेली पद्धत याहून कडक होती, कारण तेथे कागद आणि वस्तू समोरासमोर आणली जात.

याच विषयावर महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे आणि मराठी माणसाने ते एकदा तरी वाचावे अशी माझी विनंती आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास, पावसाळा तोंडावर आला असताना, चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना ते लिहिले आहे. पत्राचा आशय असा. छावणीसाठी दाणा, वैरण मोठ्या कष्टाने जमा केली आहे. ती आता मनास येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागाल, आणि जी गरीब माणसे गावात जीव धरून राहिली आहेत तीही निघून जातील. त्यांना शत्रू परवडला असे वाटेल. पुढे आगीविषयी सूचना आहेत. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा ठेवून निजू नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी व खण जळून जातील.

एक राजा आपल्या अधिकाऱ्यांना उंदराविषयी लिहितो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याने मोठे किल्ले घेतले त्याला ठाऊक होते की घोडदळ रणांगणावर बुडण्याआधी कोठारात बुडते. आणखी असे की, या पत्रात घोड्यांची निगा आणि रयतेचे रक्षण या दोन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत. साठवण नीट ठेवली नाही तर तूट पडते, तूट पडली की शिपाई शेतकऱ्याच्या दारात जातो. कोठारातील हलगर्जीची किंमत शेवटी झोपडीत चुकती होते.

पेशवाईत फौजा वाढल्या, मुलूखगिरी लांब पल्ल्याची झाली आणि शिलेदारांचे प्रमाणही वाढले. घोडा आणि साज ज्याचा त्याचा, म्हणून निगा उत्तम राहणार, असे प्रथमदर्शनी वाटते. पागेपेक्षा शिलेदार आपल्या घोड्याला जपतही असे. पण त्या जपण्याला दुसरी बाजू होती. घोडा मेला तर त्याचे पोटच गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजा जवळून पाहिलेल्या युरोपीय निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे की, ज्याला नुकसानभरपाईची खात्री नाही असा स्वार घोड्याला धोक्यात घालण्यास स्वाभाविकच कचरतो. म्हणजे सरकारी वस्तूला धनी नसतो ही एक अडचण, आणि खाजगी वस्तूला धनी फार जपतो ही दुसरी.

शिलेदारी मराठी राज्याबरोबर संपली नाही. 'सिलादार' या नावाने इंग्रजांनी ती पुढे चालविली. निजामाच्या खर्चाने उभी राहिलेली हैदराबाद कंटिंजंट ही फौज आमच्या शेजारच्या हिंगोलीस तसेच औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठाण्यांवर असे. हिच्याच खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. तिच्यातील घोडदळाच्या पलटणींत भरती होणाऱ्यास घोडा व सामान स्वतःचे आणावे लागे, किंवा त्याबद्दल 'असामी' म्हणून ठराविक रक्कम भरावी लागे. नोकरी सोडताना ती परत मिळे. म्हणजे स्वाराचे जीन आणि लगाम हे एका अर्थाने त्याचे तारण होते.

१९०३ च्या सुमारास ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिळवून घेण्यात आली आणि तिच्या एका घोडदळास '२० वे डेक्कन हॉर्स' हे नाव मिळाले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणक्षेत्रावर, हाय वुड नावाच्या रानाजवळ या पलटणीने एका इंग्रज घोडदळाबरोबर भाले सरसावून चढाई केली. दख्खनचे नाव धारण करणारी ती तुकडी त्या दिवशी यंत्रबंदुकांच्या युगात घोडा फेकीत होती. त्याच महायुद्धाने सिलादारी पद्धतीचा शेवट केला. जोपर्यंत लढाया लहान आणि जवळपास होत, तोपर्यंत प्रत्येक पलटणीने आपापले सामान पाहणे चालून गेले. समुद्रापलीकडे वर्षानुवर्षे चालणाऱ्या युद्धात गेलेला घोडा, फाटलेले जीन, झिजलेली रिकीब कोणी आणि कोठून भरून द्यावी? युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ती पद्धत बंद झाली आणि सामान सरकारने पुरवावयाचे ठरले. दर पंचवीस घोड्यांमागे नालबंद नेमणाऱ्या राजाने जे तत्त्व ओळखले होते, तेथेच साम्राज्याला अडीच शतकांनी यावे लागले. आज डेक्कन हॉर्स हे भारतीय सैन्याचे रणगाडादळ आहे. नावात घोडा राहिला, पागा गेली.

आता कोणी म्हणेल, घोडेच राहिले नाहीत तर या गोष्टींचा उपयोग काय? घोडे अगदीच गेलेले नाहीत. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, तेथे आजही घोड्यांचा बाजार भरतो. खानदेशातील सारंगखेड्याचा घोडेबाजार तर दूरवर प्रसिद्ध आहे. लग्नाच्या वरातीतील घोडी आहेत, शहरांतून घोडेस्वारीचे वर्ग निघाले आहेत. शिवाय जुन्या देशमुखी-पाटीलकीच्या वाड्यांतून माळ्यावर पडलेली जिने आणि झुली अजूनही असतील. त्यांच्यासाठी, जुन्या जाणत्यांची रीत आणि आजचे ज्ञान यांची सांगड घालून, थोडक्यात सांगतो.

घोड्यावरून उतरल्यावर साज काढावा तो तसाच खुंटीला अडकवू नये. लगामाचे लोखंड लगेच पाण्याने धुवून पुसावे, कारण लाळ सुकली की ते खरखरीत होते आणि दुसऱ्या दिवशी घोड्याचे तोंड सोलते. कातड्यावरचा घाम ओल्या फडक्याने टिपावा. कातडे पाण्यात बुडवू नये, आणि भिजलेच तर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये; सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावे. ते किंचित दमट असतानाच थोडे तेल हाताने चोळावे. आपल्याकडे मोटेच्या कातड्याला करडईच्या तेलाचे रोगण देत, एरंडेलही वापरीत. तेल बेताने लावावे. फार झाले तर कातडे लोळागोळा होते, शिवण सैल पडते आणि उंदरांना मेजवानी मिळते. घामाचे मीठ आणि तेलाचा वास या दोहोंसाठीच उंदीर कातडे कुरतडतो.

खोगीर आणि नमदा उलटा करून सावलीत वाळवावा, झटकावा, आणि भरतीवर हात फिरवून गोळे झाले आहेत का ते पाहावे. जीन जमिनीवर टाकू नये, भिंतीस टेकवून उभेही करू नये. घोड्याच्या पाठीच्या आकाराचा आडवा लाकडी दांडा करून त्यावर ठेवावे, म्हणजे आतील सांगाडा वाकत नाही. लगामाचे पट्टे खिळ्याला टांगू नयेत, तेथे कायमची घडी पडते आणि घडीवर कातडे तुटते. त्यासाठी रुंद, गोल खुंटी असावी. वरून सुती कापड घालावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले जीन पावसाळ्यात आतल्या आत घाम फुटल्यासारखे दमट होते. हवेतील दमटपणा शेकडा सत्तरच्या वर राहिला की बुरशी धरू लागते, म्हणून खोली हवेशीर हवी, सामान भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर हवे. बुरशी आलीच तर ती घराबाहेर नेऊन पुसावी, नाहीतर शेजारच्या सामानावर बसते. लोकरीला कसर लागते. तिच्यात कडुनिंबाचा वाळला पाला किंवा कापूर ठेवण्याची रीत आहे, पण तिचा खरा उपाय वारंवार उलगडून झटकणे हाच आहे. आणि प्रत्येक वेळी तंगाची शिवण व रिकिबीचा वादीपट्टा बोटाने ओढून पाहावा. स्वाराचा जीव त्या दोन शिवणींवर टांगलेला असतो.

वाड्यातील शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या जिनाला मात्र हे तेलपाणी करू नये. सालीत कमावलेले जुने कातडे काही वेळा तांबूस भुकटी सोडू लागते. ते जिवंत कातडे राहिलेले नसते आणि तेलाने ते सुधारत नाही, उलट काळे पडते. ते हलक्या कुंच्याने झाडून, मऊ कापडात, आधार देऊन ठेवावे, आणि शक्य तर संग्रहालयातील जाणकारांना दाखवावे.

लहानपणी आपण सर्वांनी एक कोडे ऐकलेले आहे: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरविल्यामुळे. साजाचेही तेच आहे. कुलपात ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते अशी आपली समजूत असते. चोरापासून ती राहत असेल. वाळवी, बुरशी, उंदीर यांना कुलूप उघडावे लागत नाही. ठराविक दिवशी ती बाहेर काढणारा, यादीशी ताडून पाहणारा आणि जेथे उसवले तेथे टाका घालणारा एक जबाबदार माणूस लागतो. पागेत त्याला हवालदार म्हणत. घरात, शाळेत, देवळात, ग्रंथालयात त्याला कोणतेही नाव द्या. तो नेमलेला नसेल तर वस्तू कागदावर शिल्लक राहते आणि कोनाड्यात नाहीशी होते. शिवाय खोगिराच्या बाबतीत तर, आपल्या आळसाचे वळ ज्याच्या पाठीवर उठतात, त्या मुक्या जनावराला तक्रार करण्यास तोंड नसते. म्हणून दसऱ्याला शस्त्रे पुजताना ज्यांच्या घरी असा जुना साज असेल त्यांनी तो माळ्यावरून खाली काढावा, झटकावा, पाहावा. हळदकुंकू त्यानंतर वाहिले तरी चालेल.